शिंदेमामांचं खालचं पान

बारा वर्षं एकाच टेबलावर डबा खाल्ला की किस्से साठतातच. वाळूजला आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, पाण्याच्या कूलरजवळच्या टेबलावर, आमचं चौघा-पाचजणांचं टोळकं बसायचं. त्यातले सगळ्यात मोठे स्टोअरचे शिंदेमामा. रोज पैठणहून एसटीनं ये-जा करायचे. डबा संपला की खिशातून पत्त्यांचा कॅट काढायचे आणि समोर जो असेल त्याला म्हणायचे, "एक पान उचल. मला दाखवू नको."

आणि दरवेळी पान बरोबर ओळखायचे.

*

मला ते शिकायचंच होतं. महिनाभर मागे लागलो, तेव्हा मामांनी एका दुपारी स्टोअरमध्ये बोलावून शिकवलं. कॅट पिसून झाला की सगळ्यात खालचं पान गुपचूप बघून ठेवायचं. समोरच्यानं उचललेलं पान कॅटवर ठेवलं की कॅट काटायचा, म्हणजे खालचा अर्धा गठ्ठा उचलून वर ठेवायचा. मग आपण बघितलेलं पान नेमकं त्याच्या पानावर येऊन बसतं. वरून एकेक पान उलटत जायचं; आपलं दिसलं की पुढचं त्याचं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. म्हणून तर कुणाला सांगायचं नाय."

*

पहिला प्रयोग मी सासुरवाडीला, खुलताबादला केला. खालचं पान बघितलं, कॅट काटला, सगळं जमलं. तेवढ्यात मेव्हण्यानं कॅट ओढून घेतला आणि पुन्हा पिसला. आता माघार कशी घ्यायची? मी ठासून सांगितलं, बदाम राणी. त्याचं पान निघालं चौकट सत्ती.

सासरे सज्जन माणूस. म्हणाले, "दोन्ही लालच आहेत की."

*

पुढचा किस्सा मी फारसा सांगत नाही.

मामांच्या मुलीच्या लग्नाची सुपारी होती. आम्ही सगळे पैठणला गेलो. जेवणं झाली तरी मुलाकडची मंडळी जरा आखडूनच बसलेली. मामांनी कॅट काढला, मुलाच्या वडिलांना पान उचलायला लावलं आणि ओळखून दाखवलं. व्याही चकित. बायकाही सरकून पुढे आल्या. मामांचा चेहरा एवढा खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

आणि मी बोलून गेलो, "काही नाही हो, खालचं पान बघून ठेवतात!"

सगळे हसले. व्याह्यांनी कॅट हातात घेतला, दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा जमलं. "हे तर कुणीबी करील," ते म्हणाले. मामाही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

दुसऱ्या दिवशी टेबलावर कॅट आला नाही. पार्किंगमध्ये गाठून मी माफी मागितली. मामा म्हणाले, "असू दे. कधी ना कधी कळणारच व्हतं." मग माझ्या डब्यातल्या जवसाच्या चटणीबद्दल बोलत राहिले. पुढं एका नव्या पोरीनं पत्त्यांचं विचारलं, तर म्हणाले, आता विसरलो.

*

मामा रिटायर झाले, त्या दिवशी कॅन्टीनमध्येच निरोप समारंभ होता. सगळे भाषणं करत होते. मी घरून कॅट घेऊन गेलो होतो. म्हटलं, मामांनी शिकवलेलं मामांनाच करून दाखवतो.

त्यांनी पान उचललं, बघितलं, कॅटवर ठेवलं. मी काटायला गेलो आणि कॅट हातातून निसटून सगळी पानं फरशीवर पसरली. खाली बसून गोळा केली. आता कोणतं पान कुठं, काही पत्ता नाही. सगळं कॅन्टीन बघत होतं. तोंडाला आलं ते बोललो, "इस्पिक नव्वी."

मामांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोबर. हेच व्हतं. कसं काय ओळखलंस रे?"

टाळ्या पडल्या.

संध्याकाळी घरी येऊन मी कॅट कपाटात ठेवत होतो. बायको दिवाणाखालचा केर काढत होती. "अहो, यातलं एक पान इथंच राहिलं होतं की सकाळपासून," ती म्हणाली.

तिच्या हातात इस्पिक नव्वी होती.