पुरातल्या घरातला दुसरा ईरप्पा

आमचे ईरप्पा काका कुरुंदवाडचे, ब्लॉकचेनचे, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदवहीचे, राखणदार. गुळाच्या नोंदींची एक साखळी, दुधाची दुसरी. दोघी एकमेकींना निरोप धाडतात. पण त्यांना स्वतःचे राखणदार नाहीत, दोघींच्या वर एक मोठी साखळी आहे, तिचे काकांसारखे राखणदारच दोघींना राखतात. काकांचं यंत्र प्रत्येक नोंद तपासून सही करायचं आणि त्यांच्याच घोगऱ्या आवाजात ओरडायचं, “व्हय की!”

एका नावाच्या दोन यंत्रांनी एकाच नोंदीवर सही केली, तर सगळ्याच साखळ्यांतून कायमची हकालपट्टी.

पूर चढला. काकांनी सवयीनं सगळं माळ्यावर टाकलं, सोलर बॅटरी आणि सिमकार्डासकट यंत्रसुद्धा. घाईत ते बंद करायचं राहिलं. आम्ही कळंब्याला आलो आणि घरातला कॅमेरा बंद पडला.

“अवं, बुडालं आसंल ते!” शिवगंगाकाकू म्हणाली. “हितलं सुरू करा की!”

काकांनी कळंब्यात ठेवलेलं, त्यांच्याच नावाचं जोडीचं यंत्र लावलं. दुपारपर्यंत त्यांचं नाव गुळाच्या साखळीतून गेलं, मग दुधाच्या, मग मोठ्या.

“मी हितं बसलोय. तिकडं सही कोण करतंय?”

पाणी उतरल्यावर आम्ही घर गाठलं. कुलूप तसंच होतं. आत कुणीतरी घोगरं बोलत होतं.

काकांनी दाराला कान लावला. “मीच हाय का रं आत?”

“व्हय की!”