कोंबड्यांची नजर

"नियम हाय ना? मग पाळायचा," असं म्हणून मावशी मान एका बाजूला कलवायच्या आणि कोंबडीसारख्या एकाच डोळ्यानं माझ्याकडं बघायच्या.

तेव्हा मी पालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो. मुकुंदवाडीतल्या एका कॉलनीतून तक्रार आली. एक विधवा बाई घरामागं कोंबड्या पाळते म्हणून. त्याच या मावशी. अशा तक्रारी तुम्हीही ऐकल्या असतील. आरवणं, वास, उडणारी पिसं. तक्रार करणारे शेजारी बँकेतून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ. ते मात्र वेगळंच बोलले.

"त्या ओरडत नाहीत हो. आमच्या दारासमोर येऊन गप्प उभ्या राहतात. सगळ्या. माझ्याकडं बघत."

मला हसू आलं. याला कुठला नियम लावणार? मावशींना एवढंच सांगितलं, की कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, खुराडं शेजारच्या भिंतीपासून लांब हवं आणि घाण साचता कामा नये. मावशींनी लगेच जाळीचं खुराडं करून घेतलं, खाली चुना टाकला.

पाहणीला गेलो तर अंगण लखलखीत. कोंबड्या मात्र दाणे सोडून जाळीला छाती लावून उभ्या. सगळ्यांची तोंडं शेजाऱ्यांच्या घराकडं. एकही हलेना.

"आमचे मालक गेले तवा बी अशाच हुब्या व्हत्या," मावशी हळूच म्हणाल्या. "भाऊ, शेजारच्या सायबांना दवाखान्यात न्या."

शेजारी भडकले. "कोंबड्या सांगतात म्हणून?"

मावशी त्यांच्या पायरीवर जाऊन बसल्या. "तुमी निघाल्याबिगर मी नाय उठायची."

शेवटी वैतागून ते रिक्षात बसले. डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलंच नाही. हृदयाचं दुखणं निघालं. वेळेवर आलात, म्हणाले.

ते बरे होऊन परतले तेव्हा कोंबड्या खुशाल माती उकरत होत्या. त्यांनी तक्रार मागं घेतली. तरी मावशींनी खुराडं काढलं नाही.

पुढं त्या भागात गेलो की मी मावशींकडं चहाला थांबायचो. एका दुपारी अंगणात शिरलो आणि थबकलो. कोंबड्या गप्प होत्या. या वेळी तोंडं मावशींच्याच स्वयंपाकघराकडं.

"मावशी, आत्ताच्या आत्ता चला दवाखान्यात."

"जाऊन आले, भाऊ. उशीर झाला म्हनले." त्या बशीतला चहा फुंकत होत्या. "तुमाला भ्या वाटतं व्हय? मला नाय वाटत. घरात माझ्याकडं बघाया दुसरं कोन हाय?"

थोड्याच दिवसांत त्या गेल्या. कोंबड्यांचं काय करायचं हे बघायला मी गेलो, तर शेजारी फाटकात आडवे उभे.

"कुठं नेऊ नका त्यांना. माझ्याकडं राहू द्या."

पुन्हा गेलो तेव्हा खुराडं त्यांच्या अंगणात होतं. दाणापाणी वेळच्या वेळी, सगळं स्वच्छ. फक्त घराच्या बाजूच्या जाळीला त्यांनी जाड पोतं घट्ट शिवून टाकलं होतं.