डांबरावर हीच, मातीत हीच

निवृत्त होताना कचेरी माणसाकडून सगळं परत घेते. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, रजिस्टरं, टेबलावरची काचसुद्धा. किश्श्यांची मात्र कुठेच नोंद नसते, त्यामुळे तेवढे माणसाबरोबर घरी येतात. मी बत्तीस वर्षं आस्थापना शाखेत काढली. बदल्यांचे हुकूम टाइप करणं हे माझं काम. घरी आलेले किस्से एकदा निवांत तपासले, तर निम्मे एकाच सायकलचे निघाले.

ती सायकल शेषेराव जाधवांची.

शेषेराव हदगावला होते. मुलगी वैशाली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. त्या काळात मराठवाड्यात पोराला मार्क पडले की आईबाप पेढे वाटायच्या आधी लातूरच्या एसटीची वेळ विचारायचे. अकरावी-बारावी लातूरला, क्लास लातूरला, पुढं डॉक्टर. पण मुलीला एकटीला वसतिगृहात ठेवायची शेषेरावांच्या घरची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःचीच बदली लातूरला मागून घेतली.

आमच्याकडे जागा एकच रिकामी होती, फिरतीच्या कारकुनाची. खेड्यात जायचं, पाहणी करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. अट एकच, स्वतःचं वाहन पाहिजे. शेषेरावांनी 'आहे' असं लिहून दिलं.

हजर झाले त्या दिवशी साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. साहेब पुण्याकडचे, नुकतेच आलेले. "तुमचं वाहन कुठं आहे?"

"लिंबाखाली हाय साहेब."

लिंबाखाली काळी, दणकट, उंच दांड्याची सायकल उभी होती.

"यावर तुम्ही फिरती करणार? पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात हीच, उन्हाळ्यात हीच. डांबरावर हीच, मातीत हीच."

आमचे हेडक्लार्क भालेराव फाईल घेऊन उभे होते. त्यांना राहवलं नाही. "लग्नकार्यालाही हीच का?"

"लग्नातलीच हाय," शेषेराव म्हणाले. "सासऱ्यानं दिली."

साहेब हसले नाहीत. "तीन महिने बघतो. एक दिवस जरी अहवाल उशिरा आला, तर परत हदगाव."

हा हुकूम टाइप करायचं काम माझ्याकडेच येणार होतं, म्हणून मी तारीख लक्षात ठेवली.

* * *

पहिल्याच पावसात काळ्या मातीनं परीक्षा घेतली. आमच्याकडच्या मातीचा स्वभाव असा, की ती एकदा धरते आणि मग सोडत नाही. मडगार्ड आणि चाकाच्या मधे चिखल बसला की चाक जागेवर थांबतं. मग सायकल माणसावर बसून गावाला जाते.

शेषेराव एकदा अशी खांद्यावरची सायकल घेऊन परतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही मडगार्डं काढून टाकली. ती आमच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला लटकवली. चाकं मोकळी झाली. पण मागच्या चाकाचा चिखल आता सरळ पाठीवर यायला लागला. कमरेपासून कॉलरपर्यंत एक रुंद काळा पट्टा.

साहेबांनी व्हरांड्यात थांबवून विचारलं, "जाधव, पाठीवर हे काय?"

"औशाच्या पुढचा रस्ता हाय साहेब. थोडा संगट आला."

अहवाल मात्र कोरडा होता. तो त्यांनी पोटाशी, बनियनच्या आत ठेवलेला असायचा.

* * *

कचेरीच्या गेटासमोर मोईनभाईंचं सायकलचं दुकान होतं. दुरुस्तीही करायचे, भाड्यानंही द्यायचे. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात तिथंच पंक्चरं काढली होती. मोईनभाई फार बोलत नसत, पण बोलले की ते ऐकायला आमची अर्धी कचेरी गेटापाशी यायची.

शेषेरावांची तक्रार होती की डांबरावर चाक पळतं, तेच चाक ढेकळांत आपटून कंबर मोडतं. दोन जातीचे टायर ठेवावेत की काय?

मोईनभाईंनी चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. "टायर बदलू नका. हवा बदला. डांबर संपलं की थोडी सोडायची, डांबर लागलं की भरायची. हवेची कमी हाय का लातुरात?"

त्या दिवसापासून सायकलच्या दांड्याला पंप बांधला गेला. शेषेराव स्वभावानं पक्के कारकून. केलेलं काम फिरतीच्या डायरीत लिहायचंच, असा नेम. साहेबांच्या टेबलावर डायरी गेली: '११.१०. डांबर संपले. हवा सोडली. ११.१४. पुढे निघालो.'

साहेबांनी समासात लाल शाईनं लिहिलं: 'हवा सोडणे हे शासकीय काम नाही.'

पुढच्या आठवड्याच्या डायरीत नोंद आली: '११.१० ते ११.१४. खाजगी काम.'

साहेबांनी त्यावर नुसती सही केली.

* * *

भालेरावांचा सिद्धांत वेगळा होता. एक गाडी सगळ्या रस्त्यांना चालत नाही, रस्ता पाहून गाडी काढावी. त्यांच्याकडे तशी सोय होती. कचेरीला स्कूटर, भाजी आणायला मोपेड, आणि अहमदपूरकडच्या शेतावर जायला मेव्हण्याची जीप.

श्रावणातल्या एका सोमवारी स्कूटर चालू होईना, मोपेडचं पेट्रोल संपलेलं आणि मेव्हणा रुसलेला. नेमकी त्याच दिवशी गावाबाहेरच्या गोदामाची तपासणी होती. हेडक्लार्क शेषेरावांच्या कॅरिअरवर बसून निघाले. मी माझ्या सायकलवर बाजूनं चाललो होतो, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं.

भालेराव मागे बसून समजावत होते, "शेषेराव, तुमचा हट्ट बरा नाही. एकाच गाडीवर सगळं ढकलायचं म्हणजे कुठलंच काम धड होत नाही."

"हाव," शेषेराव पायडल मारत होते.

"आता हेच बघा. चढ आला की तुमची गाडी मंदावते. ही गाडीतली उणीव आहे."

"गाडीतली न्हाई साहेब," शेषेराव धापा टाकत म्हणाले. "तुमी उतरा, मंग बघा."

भालेराव उतरले. सायकल सुसाट वर गेली आणि वर जाऊन थांबली. भालेराव चालत वर पोचेपर्यंत त्यांचा सिद्धांत पुढं सरकला नाही.

* * *

खरी कमाल सकाळी असायची. वैशालीचा क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी सहाला. त्या वेळी लातूरच्या रस्त्यांवर फक्त दूधवाले आणि अकरावी-बारावीची पोरं. क्लासच्या दारात शेकडो सायकली एकमेकींत शिंगं अडकवून उभ्या असायच्या. वैशाली वडिलांचीच सायकल नेई आणि नऊला परत आणून देई. साडेनऊला शेषेराव त्याच सायकलवरून फिरतीला निघत.

बाप उंच, लेक बुटकी. म्हणून सीटच्या खांबावर रंगानं दोन खुणा केल्या होत्या. लाल खूण वैशालीची, पांढरी शेषेरावांची. घरात पाना दाराच्या कडीलाच बांधलेला. ज्यानं सायकल आणली त्यानं पुढच्याच्या खुणेवर सीट लावायची, असा घरचा कायदा.

एक दिवस वैशालीच्या डोक्यात कसलं तरी गणित होतं आणि ती सीट वर करायला विसरली. शेषेराव घाईत तसेच निघाले. त्यांना वाटेत कळलं, पण पाना घरी. जाऊन-येऊन दहा कोस त्यांनी गुडघे हनुवटीपाशी घेऊन सायकल मारली. संध्याकाळी कचेरीत आले तेव्हा पाय सरळ होईनात.

मी म्हणालो, "पोरीला रागवा जरा."

"कशाला रागवू? गणित सुटलं म्हने तिचं." मग टेबलाला धरून हळूहळू उभे राहिले. "दोन वर्सं हाईत. दोन वर्सं मी रांगतसुद्धा जाईन. पर पोरगी हितंच शिकंल."

त्या दिवशी खोलीत कुणी त्यांची थट्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी केली.

* * *

तीन महिने भरायला चार-पाच दिवस राहिले होते. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे भूकंप झाला.

त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून होणार नाही. मला फक्त सायकलपुरतं सांगायचं आहे.

फिरतीच्या सगळ्या कारकुनांना गावं वाटून दिली. कोण गेलं, कोण वाचलं, याच्या याद्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायच्या. औशाच्या पुढं रस्ता नावाची गोष्टच राहिली नव्हती. मदतीचे ट्रक, त्यांच्या मागं बघायला आलेल्या गाड्या, आणि वरून पाऊस. जीप अडकल्या, मोटारसायकली अडकल्या. सायकल शेताच्या बांधावरून निघून जायची. गावात पोचल्यावर दगडमातीच्या ढिगांवरून ती खांद्यावर घ्यायची. त्या दिवसांत तिच्या कॅरिअरवरून औषधांची खोकी गेली, ताडपत्र्या गेल्या, पाण्याचे हंडे गेले. एकदा पाय मोडलेली म्हातारी मुख्य रस्त्यापर्यंत आली. हवा किती सोडली आणि किती भरली, याची डायरीत नोंद नाही.

चौथ्या दिवशी शेषेरावांची यादी सकाळी आली नाही.

दुपार झाली, तरी आली नाही. संध्याकाळी भालेराव माझ्या टेबलापाशी आले. त्यांचा आवाज खाली होता. "साहेबांचा शब्द आहे. उद्या मागितला तर तयार असावा." मी हदगावचा हुकूम टाइप केला. सहीची जागा कोरी ठेवली आणि कागद ड्रॉवरमध्ये सरकवला.

शेषेराव आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. पूर्ण एक दिवस उशिरा. सरळ साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"उशीर का झाला?" साहेबांनी विचारलं. साहेबांची दाढी चार दिवसांची होती.

"एका म्हाताऱ्याजवळ बसलो होतो साहेब."

"बसला होतात?"

"ढिगावर एकलाच बसून होता. मला इचारलं, कशावर आला? मी म्हनलं, सायकलीवर. तर म्हनला, मंग तुला जायची घाई न्हाई, बस. आजपत्तुर आलेला एकबी मानूस बसला न्हाई म्हने. मी बसलो."

त्यांनी बनियनच्या आतून यादी काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी पहिलं पान पाहिलं. तसं पान सगळ्यांच्या याद्यांत होतं. मतदार यादी समोर ठेवून नावांपुढं खुणा केलेल्या. मग दुसरं पान उलटलं. त्यावर हातानं लिहिलेली तेवीस नावं होती. सगळी बायकांची आणि लेकरांची.

"हे कोण? यादीत नाहीत हे."

"कंच्याच यादीत न्हाईत साहेब. लेकी हाईत गावच्या. गौरी-गणपतीला म्हायेरी आल्या होत्या, हितंच ढिगाखाली गेल्या. म्हाताऱ्यानं गल्ली-गल्लीनं नावं सांगितली. सांगून व्हायला एक दिवस लागला."

साहेब ते पान बराच वेळ वाचत राहिले. मी माझ्या टेबलावरून, उघड्या दारातून पाहत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडची किती गावं राहिली?"

"सात."

"या सातांतही अशा लेकी असतील."

"असतीलच की साहेब."

"जीप कुठपर्यंत जाते?"

"कुठपत्तुरच न्हाई."

साहेब उठले. मला वाटलं, आता आपल्याला हाक येणार. मी ड्रॉवर थोडा उघडून ठेवला. पण साहेब माझ्या टेबलावरून सरळ पुढं गेले. व्हरांडा उतरले. ड्रायव्हरनं जीपचं दार उघडून धरलं, त्याच्याही समोरून गेले. गेट ओलांडून रस्त्यापलीकडं मोईनभाईंच्या दुकानात जाऊन उभे राहिले. शेषेराव, भालेराव आणि मी गेटापर्यंत मागोमाग गेलो. पुढं जावं की नाही, ते आम्हाला कळेना.

"भाड्यानं सायकल पाहिजे," साहेब म्हणाले.

मोईनभाईंनी मान वर केली, कापडाला हात पुसले आणि भाड्याची वही पुढं ओढली. "कितीक दिवस?"

"आठवडाभर."

"ओळख कुनाची?"

भालेराव गेटातून ओरडले, "अहो मोईनभाई, साहेब आहेत ते!"

"साहेब हाईत, मालूम हाय मला," मोईनभाई शांतपणे म्हणाले. "पर साहेब लोक येतात अन् जातात. देतोय ती नऊ नंबरची गाडी माझ्या अब्बांची हाय. ओळख गावातल्या मानसाची पायजे. उद्या बदली होऊन जानारा चालत न्हाई."

साहेबांनी वळून गेटाकडं पाहिलं.

"शेषेराव जाधव," ते म्हणाले. "लिहा. ते कुठं जात नाहीत."