सासऱ्यांना इटालियन गाडीत कसं बसवावं

माझी गाडी करड्या रंगाची आहे. जपानी आहे, हायब्रिड आहे, आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तशाच इतक्या उभ्या असतात की मी ती नंबर वाचून ओळखतो. हे आधीच सांगतो, म्हणजे ही पोस्ट कुणा दर्दी माणसाने लिहिली आहे असा गैरसमज नको. दर्दी माझे सासरे. मी ड्रायव्हर.

बाबा, म्हणजे माझे सासरे, साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडला, स्टॅनमोरला आले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर त्यांनी खात्याच्या एकाच मंजूर नकाशावरून कालव्याकाठच्या चौक्या बांधल्या. कुठलीही चौकी बघा, खिडकी डावीकडेच. आणि त्याच काळात, पुण्याला गेले की रद्दीच्या दुकानातून परदेशी मोटार मासिकं आणून ते इटलीतल्या अशा गाड्यांबद्दल वाचत, ज्या एकदाच बनवल्या गेल्या. एक गिऱ्हाईक, एक गाडी, विषय संपला. अशा गाडीला ते 'एकच नग' म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात.

गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं. माझी बायको मेघना हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे आणि नेमकी वीकेंडलाच तिची शिफ्ट होती. शुक्रवारी तिने मला किचनमध्ये गाठलं.

"संडेला ऑक्सफर्डशायरमध्ये जुन्या इटालियन गाड्यांची मीट आहे. ओनर्स लोकांना राउंड मारून आणतात म्हणे. बाबांना बसव ना एखाद्या गाडीत."

"त्यांनी सांगितलं का तुला?"

"ते कशाला सांगतील? आई गेल्यापासून त्यांनी स्वतःसाठी साधा चहा मागितलेला नाही. तू नुसतं बसवून आण, प्लीज."

मला काम मिळालं की मी ते करतो. शनिवारी सकाळी आम्ही निघालो.

स्टॅनमोरहून एम-फॉर्टीला लागेपर्यंतचा वेळ हिशेबात धरू नका, तो देवाच्या हातात असतो. एम-फॉर्टी मात्र सरळ आणि शहाणा रस्ता आहे. वाटेतल्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, कॉफी घेतलीत तर जेवणाचे पैसे जातील, म्हणून थर्मास घरून न्या. आम्ही थालीपीठंही नेली होती. सासरे आणि जावई एका गाडीत, आणि मध्ये बायको नाही, हा प्रवासाचा एक वेगळाच प्रकार आहे. ते मला 'नितीनराव' म्हणतात, मी त्यांना 'अहो बाबा'. हाय विकम्बपर्यंत आमचं हवामान बोलून संपलं होतं.

पहिला थांबा वॉरिकशायरमधलं एक खासगी संग्रहालय. तिकीट ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं, ज्येष्ठांना आणखी सवलत. खिडकीतल्या बाईंनी वयाचा पुरावा न मागताच ती दिली, ते बाबांना फारसं आवडलं नाही.

आत दशकवार दालनं आहेत. पन्नासच्या दशकात श्रीमंत माणूस कारखान्यातून नुसता सांगाडा आणि इंजिन घ्यायचा आणि तुरीन किंवा मिलानमधल्या एखाद्या वर्कशॉपला द्यायचा, आपण कापड घेऊन शिंप्याकडे जातो तसं. मग तिथली माणसं लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून अंगावर बसेल अशी बॉडी करून देत. बाबांनी मला एका लाल गाडीसमोर वाकायला लावलं. तिचा डावा दिवा उजव्यापेक्षा किंचित खाली होता. "हातानं केलंय," ते म्हणाले. माझ्या गाडीचं असं असतं तर ती वार्षिक तपासणीत नापास झाली असती, पण हे मी बोललो नाही.

साठच्या दशकातल्या गाड्या मलाही सुंदर वाटल्या. मी तसं म्हटल्यावर बाबांनी माझ्याकडे नीट वळून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना आवडेल असं काही बोलल्याची बहुधा ही पहिलीच वेळ होती. सत्तरच्या दशकात गाड्या एकदम पाचरीसारख्या होतात आणि दारं आकाशाकडे उघडतात. त्यातल्या एकीतून मागचं काहीच दिसत नाही, म्हणून रिव्हर्स घेताना दार उघडून उंबऱ्यावर बसायचं आणि मान वळवून मागे बघायचं. लोक एवढे पैसे देऊन हे करत असत. ऐंशी-नव्वदच्या दालनात दिवे मिटणाऱ्या गाड्या आणि एक हिरवट सोनेरी प्रकरण होतं, ज्याची मागची बाजू मालकाने कुत्र्यांसाठी लांबवून घेतली होती. शेवटी आजकालच्या. आजही कुणी अब्जाधीश आपल्यापुरती एक गाडी करवून घेतो, फक्त आता साचा कॉम्प्युटरवर असतो आणि अंग कार्बनचं. तिथे बाबा थांबलेच नाहीत.

"का हो, आवडली नाही?"

"ही कुठे चुकतच नाही," ते म्हणाले.

रात्री कॉट्सवोल्ड्समधल्या एका बी-अँड-बीत राहिलो. खोल्या लहान, जिने उभे, गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजला मागून घ्यावा. ब्रेकफास्ट दरात धरलेला असतो. सकाळी मालकीणबाईंनी बाबांना आणखी टोस्ट हवा का विचारलं, बाबा "नो, नो" म्हणाले, आणि बाई टोस्टचा स्टँड उचलून घेऊन गेल्या. बाबा त्या स्टँडकडे दारापर्यंत बघत होते. मला वाटलं, पोट भरलं असेल.

मीट एका जुन्या, युद्धकाळातल्या विमानतळावर होती. धावपट्टीवर आता गवत आहे आणि भोवती डांबरी फेरा. वारा सगळीकडून येतो, जाड जाकीट न्या. गाड्या गवतावर रांगेने उभ्या आणि त्यांचे मालक घडीच्या खुर्च्यांवर बसून सँडविच खात होते. बाबा प्रत्येक गाडीपाशी थांबत आणि एका गडद हिरव्या गाडीपाशी आले तेव्हा हलेचनात. साठच्या दशकातली कूपे. तुरीनच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपने एका इंग्लिश गिऱ्हाइकासाठी केलेली, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. तशी दुसरी जगात नाही.

"एकच नग," बाबा म्हणाले. आवाज इतका खाली की मला ओठांवरून कळलं.

मालकाचं नाव ग्रॅहम. जनावरांचा निवृत्त डॉक्टर, अंगावर कुत्र्याचे केस लागलेली फ्लीस. त्याचं बोलणं इथे मराठीत देतो. त्याने बाबांना बॉनेट उघडून दाखवलं, दाराच्या आतली हातोडीची खूण दाखवली. बाबांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि काढायला विसरले. ग्रॅहमने ते पाहिलं.

"एक फेरी मारून येऊ या का?"

मेघनाने सांगितलेलं काम मी काही न करताच झालं, असं मला वाटलं.

"नो, नो. थँक यू," बाबा म्हणाले.

"बरं तर," ग्रॅहम म्हणाला, आणि शेजारी कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एका माणसाला बसवून निघून गेला.

आम्ही दोघं गवतात उभे. इंजिनाचा आवाज फेऱ्याच्या पलीकडच्या टोकाला गेला, बाबांची मान त्याच्यामागून फिरत गेली.

"गुडघ्यांमुळे नको म्हणालात का?"

"छे हो."

"मग?"

"नितीनराव, पहिल्याच विचारण्याला हो म्हणायला आपण काय हावरट आहोत?"

मला तेव्हा तो टोस्टचा स्टँड आठवला. "बाबा, इथे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. नाही म्हणजे नाही, असं धरतात. परत विचारणं त्यांना असभ्य वाटतं."

बाबांनी मफलर नीट गुंडाळला. "मग ह्या लोकांत जेवायला वाढतात कसं?"

ग्रॅहम परत आला आणि चहाच्या गाड्यापाशी रांगेत उभा राहिला, तेव्हा मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. अनोळखी माणसाला काही मागायची मलाही लाज वाटते, पण गुरुवार जवळ येत होता. मी सांगितलं की माझे सासरे नको म्हणाले त्याचा अर्थ हो होता.

ग्रॅहमने ते एखाद्या आजाराचं लक्षण ऐकावं तसं ऐकून घेतलं. "किती वेळा विचारायचं?"

"तीनदा. एकदा झालंय."

"आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणाले तर?"

"तर मग खरंच नको असेल."

चहाची रांग सोडून तो आला. बाबांसमोर सरळ उभा राहिला. "एक फेरी मारायला आवडेल का?"

"नो, नो. व्हाय ट्रबल यू."

ग्रॅहमने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने घसा साफ केला. हे त्याच्या स्वभावाच्या किती विरुद्ध होतं ते त्याच्या लाल झालेल्या मानेवरून दिसत होतं. "तुम्ही यावं अशी माझी फार इच्छा आहे," तो म्हणाला.

"बरं बाबा," माझे सासरे मराठीत म्हणाले, "एवढा आग्रह करताय तर."

त्या गाडीची बैठक देवघरातल्या पाटाएवढ्या उंचीवर आहे. आधी बूड, मग एक पाय, मग दुसरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत. गुडघे कुरकुरले, पण गेले. दार लागलं आणि ते दोघं गेले. मी बाबांची काठी आणि मफलर धरून उभा. पहिल्या फेरीनंतर गाडी थांबली नाही, तशीच दुसरीला गेली. मला इतका आनंद झाला की मी मेघनाला फोन लावला आणि ती शिफ्टवर आहे हे आठवून कट केला.

दुसऱ्या फेरीनंतर ग्रॅहम गाडी माझ्यासमोर आणून थांबवून उतरला, वळसा घालून बाबांच्या बाजूला गेला आणि त्यांचं दार उघडून वाकला. एक लांब श्वास घेतला. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याला पाठ होत्या.

"तुम्हाला ही चालवायला..."

"येस," बाबा म्हणाले.

ग्रॅहम तसाच वाकलेला राहिला. बाबा तोवर मधला गिअरचा उंचवटा ओलांडून, गुडघ्यांची कसलीही दखल न घेता, ड्रायव्हरच्या जागेवर पोचले होते. दोनदा गाडी बंद पाडली. क्लच फार जड, नंतर म्हणाले. मग ती हलली आणि दुसऱ्या गिअरवर, आमच्या सोसायटीतली इलेक्ट्रिक सायकल सहज पुढे जाईल अशा वेगाने, पूर्ण फेरा मारून आली. उतरताना त्यांचे डोळे ओले होते. वाऱ्याने, असं मी धरून चाललो.

येताना एम-फॉर्टीवर ट्रॅफिक होता. बाबा वाटभर बोलत होते.

घरी पोचलो तेव्हा मेघना वरण गरम करत होती. बाबांनी तिला क्लच सांगितला, हातोडीची खूण सांगितली, आणि मी जेवताना हसत हसत तीनदा विचारायचा किस्सा सांगितला. मेघना हसली नाही. तिने डाव खाली ठेवला.

"आई गेली तेव्हा मी फोनवर विचारलं होतं बाबांना, इकडे येऊन राहता का म्हणून," ती मला म्हणाली. बाबा तिथेच बसले होते. "ते नको म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे, त्यांचा डिसिजन आहे, रिस्पेक्ट करायला हवा. एकदाच विचारलं मी."

मग ती त्यांच्याकडे वळली. "बाबा, व्हिसा अजून चार महिने आहे. राहा ना इथेच."

"नको गं. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं माणसाने."

मेघनाने पुन्हा विचारलं. "बाबा, राहा."

बाबांनी ताटातला भात बोटांनी एका कडेला केला. "गुरुवारचं तिकीट काढलेलं आहे," ते म्हणाले.

हे 'नको' नव्हतं, एवढं मला आता कळतं. या एअरलाइन्स परतीची तारीख बदलून द्यायला काय घेतात आणि फोन करावा की वेबसाइटवर होतं, ज्यांना अनुभव असेल त्यांनी कृपया आज रात्रीच खाली कॉमेंटमध्ये लिहावं.