कुसुमताईंची घंटी

कुसुमताईंना कुठेही गर्दी दिसली की ती त्या आधी नीट लावत. लग्नाचा मांडव असो, दवाखान्यातली रांग असो, नाहीतर माझं कापडाचं दुकान, दारात उभ्या राहून त्या एकदा आतवर नजर फिरवत आणि हुकूम सोडत, "समोर सरका बापा, समोर! जागा असते, करा लागते." आणि लोक सरकत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी वरपक्षाच्या दोन जाडजूड काकांना सोफ्यावरून हलवून तिथे आमच्याकडच्या तीन म्हाताऱ्या बसवल्या होत्या. व्याही माझ्याकडे बघतच राहिले. मी हात जोडले आणि म्हणालो, "राग मानू नका, त्या एसटीत कंडक्टर होत्या."

कारंजा ते मानोरा या रस्त्यावर त्यांची बहुतेक नोकरी गेली. तांड्यांवरची माणसं, त्यांची गाठोडी, पिशवीतून मान बाहेर काढलेला कोंबडा, शाळेच्या पोरी, सगळ्यांना त्या गाडीत बसवत आणि वर प्रत्येकाची खबर घेत. गाडीवर ड्रायव्हर म्हणून असत त्यांचे यजमान, देवरावभाऊ. साहेबांच्या मागे लागून ताई ड्युटी एकत्र लावून घेत. देवरावभाऊ मुळातच अबोल. प्रत्येक थांब्यावर ते आरशात न बघता एकच प्रश्न विचारत, "दरवाजा लावला का?" ताई याचं उत्तर कधी तोंडाने देत नसत. दोरी दोनदा ओढत, ठण ठण, की गाडी निघाली. त्यांच्या घरीही हाच कारभार होता. भाऊंनी ओट्यावरून "चहा झाला का?" विचारलं की आतून कपावर चमचा दोनदा वाजे. मी शेजारीच राहतो, त्यामुळे त्यांचा संसार मी बराचसा कानांनीच ऐकला.

देवरावभाऊंची निवृत्ती जवळ आली असताना मानोऱ्याच्या रस्त्यावर एका वळणावर समोरून एक ट्रक थेट अंगावर आला. भाऊंनी गाडी नालीत घातली. प्रवाशांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण ताई दाराशी उभ्या होत्या, त्यांचं डावं कोपर मोडलं आणि पुढे वाकडंच जुळलं. भाऊंना कुणी दोष दिला नाही. उलट गाडीतल्या लोकांनी घरी येऊन नारळ दिला, टोपी घातली. ती टोपी त्यांनी खुंटीला अडकवली आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. दारातली स्कूटरसुद्धा ते ढकलत नेत. ओट्यावर बसत ते रस्त्याकडे पाठ करून. एसटी गेली की त्यांचे खांदे आवळलेले मला माझ्या गच्चीवरून दिसत.

ताईंना कोपराचं काही नव्हतं. "हात वाकडा झाला त का झालं, पोळ्या गोलच होतात," असं त्या म्हणत. त्यांना खाऊन टाकत होती ती नवऱ्याची पाठ. "मानूस बसला का गंजते, सेठ," त्या मला एकदा म्हणाल्या, "गाडीसारखाच. याले मी पुन्हा डायवर करतो का नाई, पाहाजो तू." मी म्हणालो, "ताई, ज्याच्या मनातच नाही..." "मनात हाये," त्या म्हणाल्या, "फक्त मी गाडीत बसली नाई पायजे, असं हाये त्याच्या मनात."

पुढे ताईही निवृत्त झाल्या आणि थोड्याच दिवसांत बसस्थानकामागच्या अक्रमभाईंच्या गॅरेजात शाळेची एक जुनी मिनीबस येऊन उभी राहिली. अक्रमभाई गाड्यांच्या बॉड्या बांधत. देवरावभाऊंना ते उस्ताद म्हणत आणि ताईंना घाबरत. ताईंनी त्या बसचं घर करायला सांगितलं. आत दोन बाकं, रात्री त्यांच्याच पलंग होतील अशी. स्वयंपाकाला छोटा ओटा, वर पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. पण या सगळ्याच्या आधी त्यांनी भंगारातून एक एसटीची घंटी शोधून आणली आणि दारापासून ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत दोरी ताणायला लावली.

"ताई, घर में घंटी कायकू?" अक्रमभाई म्हणाले.

"घर कोनाले म्हनून राह्यला तू? गाडी हाये ते."

समुद्र बघायचा, किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं, असा बेत त्यांनी जाहीर केला. भाऊ म्हणाले, "मी चालवनार नाई." ताई म्हणाल्या, "नका चालवू. अक्रम चालवते. तुमी पॅसिंजर म्हनून या, तुमाले सीट देतो." मग मोर्चा माझ्याकडे वळला. आमच्या सौ. तेव्हा लेकीकडे गेल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, मी जैन माणूस. तुम्ही समुद्रावर जाऊन मासे खाणार, मी काय वाळू खाऊ?" त्यांनी लगेच व्यवस्था सांगितली, "तुही शेगडी वेगळी, भांडी वेगळी. आमची चूल बाहेर, वारा पाहून. अन् दिवस मावळाच्या आत तुहं ताट. गाडी कुठंबी असो, थांबन." पुढे काही बोलायला त्यांनी जागाच ठेवली नाही. जागा करणाऱ्या बाईंना ती घालवताही येत होती.

असे आम्ही चौघे निघालो. वाशिमकडच्या माणसाने घरून काय न्यावं याला सुमार नसतो. ठेचा, ज्वारीचं पीठ, पापड, हे तर झालंच. ताईंनी गोवऱ्यांचं एक पोतं मागे चढवलं. "तिकडं गोवऱ्या भेटतीन का नाई कोनाले ठाव. रोडगे कायवर भाजसान?" आमच्याकडे शेतात जाऊन गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी आणि वरण करायचं, आणि दिसेल त्याला पंगतीला बसवायचं, ही पद्धत आहे. तंबू ठोकून राहणं ही मोठी नवलाई आहे असं जग म्हणतं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करत आलो, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

कोकणात उतरलो आणि समुद्र दिसला तेव्हा अक्रमभाईंनी गाडी थांबवली. ताई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पानी, अन् आपल्या नळाले तिसऱ्या-चौथ्या दिवशी." पुढचे दिवस फार मजेचे गेले, हे कबूल केलं पाहिजे. रात्रीला माडांच्या बागेत किंवा सुरूच्या बनात गाड्या लावायला जागा देणारे लोक होते. नळ, संडास, दिव्याची सोय. तिथे आमच्यासारखीच फिरती घरं घेऊन आलेली माणसं भेटत, फक्त त्यांच्या गाड्या गुळगुळीत असत. प्रत्येक जण आपापल्या दिव्याखाली आपापलं गुपचूप जेवे. ताईंना हे सोसेना. "शेजारचा काय खाऊन राह्यला ते ठाव नसन त आपल्याले घास जाते कसा?" एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना रोडगे खायला बोलावलं. पुण्याचं एक जोडपं आपल्या खुर्च्या घेऊन आलं. ताईंनी त्या घडी करून बाजूला ठेवल्या आणि त्यांना जमिनीवर पंगतीत सरकवलं. नवरा दुसऱ्या दिवशीही रोडगा उरलाय का विचारत होता.

मासे ताई पहिल्या दिवशी आपल्या पद्धतीने शिजवायला गेल्या, म्हणजे मटणासारखे. काळा मसाला घालून चांगला तासभर. झाकण काढलं तेव्हा बांगडे विरघळून गेले होते आणि नुसते काटे रश्शात उभे होते. बागेच्या मालकिणीने डोक्याला हात लावला आणि त्यांना मासळी शिकवली. मग मात्र विचारू नका. सुरमई, कोळंबी झालीच, तिसऱ्यांच्या शिंपल्या बघून "हे मानूस खाते?" म्हणणाऱ्या ताई शिंपली चोखून बाजूला रचत. भाऊ मात्र ताटात पडेल ते गिळून पुन्हा आपल्या जागी. ती जागा अगदी शेवटची होती, मागच्या काचेकडे तोंड. मागे पडलेला रस्ता तेवढा ते बघत.

मालवणच्या अलीकडे एका गावी आम्हाला उशीर झाला. मुक्कामाची जागा अजून लांब होती आणि सूर्य कलला होता. ताईंनी एक ठण केलं. "सेठचं जेवन राह्यलं." रस्त्यालगतच पुळण होती, ओहोटी नुकती संपलेली, ओली वाळू सारवलेल्या खळ्यासारखी घट्ट आणि सपाट. अक्रमभाईंनी गाडी सरळ वाळूत, पाण्याजवळ नेली आणि वळवून रस्त्याकडे तोंड करून लावली. किल्ली तशीच ठेवून ते खडकापलीकडे होड्या लागल्या होत्या तिकडे ताजी सुरमई आणायला गेले. मी चटई टाकून ताट घेतलं. एक मासळीवाली डोक्यावर टोपली घेऊन जाताना ताईंशी काही बोलली. ताईंनी मान हलवली आणि मला भाकरी वाढली.

आता, आमच्याकडे पाण्याला जागा सोडायची सवय नाही. धरणाचं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. वाढलं तर महिन्याने कळतं. त्यामुळे लाट माझ्या चटईला लागली तेव्हा मी चटई उचलून थोडा मागे बसलो आणि जेवत राहिलो. पुढच्या वेळी पाहिलं तर मागची चाकं पाण्यात होती आणि वाळू खालून निसटत होती.

मी ओरडलो. ताई शांतपणे गाडीत चढल्या, दाराशी आपल्या जागी उभ्या राहिल्या आणि दोरी ओढली. ठण ठण.

भाऊंनी मान वळवली. "अक्रमले बलाव."

"अक्रम नाई हाये. डायवर तुमीच."

"तू खाली उतर. मंग काढतो."

"कंडक्टर उतरत नसते. गाडी चालू असली का तो गाडीतच राह्यते." त्यांनी ते वाकडं कोपर खांबाला अडकवून घेतलं. "पानी वर येऊन राह्यलं. तुमी ठरवा."

भाऊ उठले. बाकांना धरत धरत पुढे आले, ड्रायव्हरच्या जागी बसले. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, मला खालून काचेतून दिसत होतं. गाडी सुरू झाली, पण चाकं नुसती फिरली आणि आणखी रुतली. आणि मग, इतक्या वर्षांत कधी न ऐकलेला आवाज आला, "सेठ! पोतं काढा! गोवऱ्या घाला चाकाखाली!" काळ्या मातीत बैलगाडी फसली की चाकाखाली कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या टाकतात, तसं. मी ताट टाकलं, कमरेइतक्या लाटेत उतरलो आणि कारंज्याच्या गोवऱ्या अरबी समुद्रात रचल्या. भाऊंनी आरशात न बघता विचारलं, "दरवाजा लावला का?"

ठण ठण.

गाडी हिसका देऊन निघाली ती थेट वर सुरूच्या झाडांपर्यंत. मी पाण्यातच राहिलो. उभ्या आयुष्यात माझी चुकलेली ती एकच एसटी. वर पोचलो तेव्हा भाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते आणि ताई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मग अक्रमभाई हातात सुरमई लटकवत आले. उस्ताद कुठे बसलेत हे त्यांनी पाहिलं, मासळी ओट्यावर ठेवली आणि गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या दिवशी भाऊंनी कालवण मागून घेतलं.

परतीचा सगळा रस्ता भाऊंनी चालवला. नंतर काही वर्षं दर हिवाळ्यात ही गाडी किनाऱ्याला जात राहिली. मीही दोनदा गेलो. भाऊ ओट्यावर बसू लागले ते रस्त्याकडे तोंड करून. येणाऱ्याजाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला ते हात करत.

मग ताईंच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्या अगदी चिपाड झाल्या होत्या, तरी मला बघून पलंगावर सरकल्या. "बस. जागा हाये." भाऊ औषध आणायला गेले होते. त्या म्हणाल्या, "सेठ, ते टोपलीवाली आठोते तुले? तिनं सांगतलं होतं मले, पानी येते, गाडी काढा म्हनून."

मी ताडकन उठलो. "ताई! अहो गाडी गेली असती. आपण सगळे गेलो असतो!"

"जाईन कशी?" त्या म्हणाल्या. "डायवर बसला होता न गाडीत."

थोडा दम घेऊन म्हणाल्या, "मी गेल्यावर तो पुन्हा पाठ फिरवन. तवा घंटी तू मारजो. कायले घाबरतं? तुहा हात त सरळ हाये."

त्या गेल्या आणि भाऊंनी खरंच पाठ फिरवली. गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली. ताईंनी सांगितलेलं काम मला रोज आठवे आणि रोज धीर होत नसे. दुसऱ्याच्या दोरीला हात कसा लावावा? शेवटी एके सकाळी दुकान न उघडता मी त्या गाडीत चढलो. आत अजून मासळीचा पुसट वास होता. जन्मभर ज्या वासाला नाक धरलं, तो त्या दिवशी मला घरचा वाटला. मी दाराशी ताईंच्या जागी उभा राहिलो आणि दोरी दोनदा ओढली.

ओट्यावरची पाठ हलली नाही. मग हलली. भाऊ उठले, चपला शोधल्या, अंगणातून सावकाश चालत आले आणि ड्रायव्हरच्या जागी बसले. त्यांनी हाताने काचेवरची धूळ पुसली. मग आरशात न बघता, नेहमीच्या आवाजात विचारलं, "दरवाजा लावला का?"

तोंडाने उत्तर द्यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. तशी रीतच नव्हती. मी दोरी ओढली, दोनदा.