मोठ्या लोकांचा आजार

"हा आजार मोठ्या लोकांना होतो. तुला हाव सुटलीय, बाई."

थेरगावातल्या दवाखान्यात डॉक्टर हसत म्हणाले. दार उघडंच होतं. बाहेर बसलेल्यांनी ऐकलं. कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या आधीच्या बाईंना ते "बसा ना मॅडम" म्हणाले होते. मी उभीच.

मी चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. गाड्यांच्या वायरी बांधते. सुपरवायझर सगळ्यांदेखत मला टाकून बोलला, तर जेवणाच्या सुट्टीत माझा हात मोबाइलवर जायचा. कुर्ता, चादर, चपला, काहीही. मागवलं की घटकाभर बरं वाटायचं. पार्सल दारात आलं की नको व्हायचं. न फोडताच पलंगाखाली ढकलायचे. नवऱ्याला पत्ता नव्हता.

एक दिवस माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने पार्सल घेतलं आणि आपणहून पलंगाखाली सारलं. म्हणाली, "पप्पांना नाही सांगत मी." मी शिकवलं नव्हतं तिला. म्हणून तर दवाखाना गाठला होता.

डॉक्टरांचं ऐकून जिना उतरले. खाली आले तर हातात मोबाइल, पडद्यावर साडी. कधी उघडलं, कळलंच नाही. एवढी मी कधीच घाबरले नव्हते. स्वतःच्याच हाताला.

तशीच वर गेले. खुर्ची ओढून बसले.

"हाव असती तर मी मजेत असते. मला भीती वाटतीय. हा आजार आहे, कागदावर लिहा. आणि मला अहो म्हणा."

त्यांनी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी लिहून दिली. माझ्याकडे न बघता.

तिथल्या समुपदेशक ताईंनी दर गुरुवारी बोलावलं आणि एक वही ठेवायला सांगितली. काय घेतलं ते नाही लिहायचं. घ्यावंसं वाटलं, त्याच्या आधी काय झालं ते लिहायचं. पहिल्याच आठवड्यात दिसलं. दर वेळी आधी कुणीतरी मला पायदळी तुडवलेलं.

नवऱ्याला पलंगाखालचं सगळं दाखवलं. तो अजूनही नीट बोलत नाही.

हात अजून शिवशिवतो. भीती गेलेली नाही. परवा मी गुरुवारची रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, "कामावरून काढून टाकीन."

काढू दे. मी गुरुवारी जाणार. दर गुरुवारी जाणार.