फळाची जागा

वर्ध्याच्या कॉलेजात बॉटनीच्या प्रॅक्टिकलला आम्ही दोघी मैत्रिणी एकाच टेबलावर बसायचो. ती सुईने फूल उकलायची आणि भिंगातून पाहून सांगायची. मी कागदावर काढायचे. पुढे मी तेच काम धरलं. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या घरी बसून अभ्यासकांना वनस्पतींची चित्रं काढून देते. ती लग्न होऊन परदेशात, थंडीच्या मुलखात गेली.

मागच्या वर्षी तिचा मेसेज आला. तिच्या अंगणात कुंपणाजवळ एक रानरोप उगवलं होतं. ‘आपण काढत होतो तसं काढून दे मले.’ सोबत फोटो होते.

फोटो समोर ठेवून बसले, पण जमेना. पानाची मागची बाजू दिसत नव्हती, देठ खोडाला कसा जुळलाय ते कळत नव्हतं. शेवटी एका रविवारी व्हिडिओ कॉल लावला. माझी संध्याकाळ, तिची सकाळ.

“पान पलटव,” मी म्हटलं. “लव आहे का?”

तिने भिंग डोळ्याला लावलं. “आहे. शिरांवरच आहे, मधात नाई. अन् टोकाकडं झुकलेली आहे.”

तोच आवाज, घाई नसलेला. मी ऐकत कागदावर लवेचे ठिपके देत गेले. माप कळावं म्हणून तिने फुलाशेजारी करंगळी धरली. पेरं सुजली होती, कातडी सैल पडली होती. मी फूल सोडून बोटाकडेच पाहत राहिले.

“काऊन चूप झाली वं?”

“काही नाई. हात हलवू नको.”

मग दर रविवारी हेच. खोड, पान, कळी, उकललेलं फूल, सगळं झालं. चित्र तसंच पाठवता आलं असतं. पण मी म्हटलं, फळ धरू दे, त्याशिवाय अपुरं राहील. ते खरंही होतं. पण माझा जीव फळात नव्हता. चित्र संपलं की फोन करायला निमित्त काय उरणार?

एका रविवारी तिने कॅमेरा अंगणाकडे वळवला. सगळं पांढरं.

“फळ धराच्या आदीच बर्फ पडला,” ती म्हणाली. “रोप गेलं वं.”

“मुळं असतील अजून.”

“मग पुढच्या साली काढजो. नाई तर तूच येजो इकडे, समोर बसून काढजो.”

“पाहू,” मी म्हटलं.

कागद अजून चित्राच्या फळीवर टाचलेला आहे. खाली उजवीकडे फळापुरती जागा कोरी आहे. दुसरं काम करताना तिथे डाग पडू नये म्हणून मी त्यावर पातळ कागद घालून ठेवते.